ज्याने महासंगणक द्रवात बुडवला

विजेवर चालणारे उपकरण आणि पाणी यांचे वैर शाळकरी मुलालाही ठाऊक असते. की-बोर्डवर चहाचा कप कलंडला तर काय होते, याचा अनुभव अनेक कार्यालयांनी घेतलेला आहे. अशा जगात १९८५ साली अमेरिकेतील एका कंपनीने असा महासंगणक विक्रीस आणला, ज्याच्या चिप, सर्किट बोर्ड, तारा, एवढेच नव्हे तर वीजपुरवठ्याचे भागही एका रंगहीन द्रवात पूर्णपणे बुडालेले होते. यंत्र सुरू असताना हा द्रव त्याच्या अंतरंगातून संथपणे वाहत असे. किंबहुना तो वाहत होता म्हणूनच यंत्र सुरू राहू शकत होते. त्या यंत्राचे नाव ‘क्रे-२’ आणि त्याचे निर्माते सेमूर क्रे.

महासंगणकाचे जनक म्हणून क्रे यांचे नाव जगभर घेतले जाते. ते सार्थच आहे. मात्र त्यांच्या चार दशकांच्या कारकिर्दीकडे बारकाईने पाहिले, तर गणिताइतकीच ती शीतकरणाची कथा आहे हे लक्षात येते. वेग वाढवण्याचा प्रत्येक प्रयत्न त्यांना उष्णतेच्या दारात नेऊन उभा करी आणि तेथून वाट काढल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नसे. क्रे स्वतःला गमतीने भरमसाट पगार घेणारा प्लंबर म्हणवून घेत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. गमतीचा भाग सोडला, तर ते वर्णन फारसे चुकीचे नव्हते.

सेमूर रॉजर क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील चिप्पेवा फॉल्स या छोट्या गावी झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. मुलाचा ओढा विजेकडे व यंत्रांकडे आहे हे ओळखून त्यांनी घराच्या तळघरातील जागा त्याच्या प्रयोगांसाठी मोकळी करून दिली. वयाच्या दहाव्या वर्षी सेमूरने खेळण्यातल्या जोडभागांपासून एक यंत्र तयार केले. कागदी पट्टीवरील छिद्रे वाचून ते मोर्स लिपीतील संकेत उमटवीत असे. १९४३ मध्ये शालेय शिक्षण संपताच त्यांना सैन्यात बोलावणे आले. प्रथम युरोपात रेडिओचालक म्हणून आणि नंतर फिलिपाइन्समध्ये जपानी सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या तुकडीत त्यांनी काम केले. युद्धानंतर मिनेसोटा विद्यापीठातून १९४९ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि १९५१ मध्ये उपयोजित गणिताची पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळवली.

पहिली नोकरी मिळाली ती सेंट पॉल येथील ‘इंजिनीअरिंग रिसर्च असोसिएट्स’ या कंपनीत. युद्धकाळात नौदलासाठी सांकेतिक लिप्या फोडणाऱ्या मंडळींनी युद्धानंतर एकत्र येऊन ती उभारली होती आणि तिचा कारभार ग्लायडर विमानांच्या एका जुन्या कारखान्यात चाले. संगणकशास्त्राची पुस्तके तेव्हा बाजारात नव्हतीच; जे करायचे ते करून पाहतच शिकायचे, असा तो काळ होता. पुढे ही कंपनी मोठ्या उद्योगसमूहांच्या हाती गेली. तेथील कारभाराला कंटाळून विल्यम नॉरिस यांनी १९५७ मध्ये ‘कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन’ स्थापन केली. हाती असलेले नौदलाचे काम संपवून क्रे त्यांना जाऊन मिळाले.

नव्या कंपनीकडे पैसा बेताचाच होता. क्रे यांनी दुकानातून स्वस्तातले, गुणवत्तेत कमी-अधिक असणारे ट्रान्झिस्टर आणले आणि हा कमी-अधिकपणा सहन करू शकतील असे परिपथच रचले, असे सांगितले जाते. त्यातून १९६० मध्ये ‘सीडीसी १६०४’ हा संगणक बाजारात आला व कंपनी स्थिरस्थावर झाली. यश आले की बैठका येतात, अहवाल येतात, पाहुणे येतात. क्रे यांना यातले काहीच मानवणारे नव्हते. त्यांनी नॉरिस यांच्याकडे एकच मागणी केली : आपल्याला आपल्या गावी जाऊन काम करू द्यावे. नॉरिस यांनी ती मान्य केली आणि १९६२ मध्ये चिप्पेवा फॉल्समध्ये, क्रे यांच्या घराजवळच, प्रयोगशाळा उभी राहिली.

तेथे जे यंत्र आकाराला आले, त्याच्यासाठी ‘महासंगणक’ हा शब्द रूढ झाला. १९६४ चा ‘सीडीसी ६६००’ सेकंदाला सुमारे तीस लाख आकडेमोडी करीत असे आणि पुढली पाच वर्षे जगातील सर्वांत वेगवान संगणक हा मान त्याच्याकडे राहिला. ऑगस्ट १९६३ मध्ये या यंत्राची घोषणा झाली, तेव्हा आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन (धाकटे) यांनी आपल्या अधिकाऱ्यांना एक संतप्त टिपण धाडले होते. झाडूवाल्यासह अवघी ३४ माणसे असलेल्या प्रयोगशाळेने आपल्या बलाढ्य कंपनीला मागे कसे टाकले, असा त्यातील सवाल होता. वॉटसन यांनी प्रश्नातच उत्तर दिले आहे, अशा आशयाची क्रे यांची प्रतिक्रिया त्यानंतर प्रसिद्ध झाली.

त्या ३४ जणांच्या चमूत डीन राऊश या अभियंत्याचे स्थान फार महत्त्वाचे होते. हे गृहस्थ संगणकाच्या नव्हे, तर शीतकपाटांच्या क्षेत्रातून आलेले होते. सुमारे चार लाख ट्रान्झिस्टर शेजारी-शेजारी दाटीवाटीने बसवल्यावर निर्माण होणारी उष्णता पंख्याच्या वाऱ्याने हटणार नाही, हे क्रे यांनी ओळखले होते. राऊश यांनी यंत्राच्या सांगाड्यातूनच फ्रिऑन वायूच्या नळ्या खेळवल्या. घरातल्या फ्रिजमध्ये जे भाजी-दुधासाठी घडते, तेच येथे ट्रान्झिस्टरसाठी घडू लागले.

ही दाटीवाटी हवी तरी कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर निसर्गनियमात आहे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो खरा, पण एका सेकंदाच्या अब्जांश भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, तो जेमतेम एक फूट पुढे सरकतो. तारेतला विजेचा संदेश तर याहूनही सावकाश जातो. संगणकाचे काम घड्याळाच्या ठोक्यासारख्या ठोक्यांवर चालते. एका ठोक्यात संदेश एका भागातून दुसऱ्या भागात पोचलाच पाहिजे. ठोका जलद हवा असेल तर तार आखूड हवी, तार आखूड हवी तर भाग जवळ हवेत, आणि भाग जवळ आले की त्यांची उष्णता एकाच जागी कोंडते. ती बाहेर काढता आली नाही, तर चिप आधी चुकीची उत्तरे देते आणि मग जळते. क्रे यांचे सारे आयुष्य या साखळीशी झटण्यात गेले.

१९६९ च्या ‘सीडीसी ७६००’ नंतर त्यांनी ‘८६००’ हाती घेतला आणि तेथे साखळीने त्यांना अडवले. चार प्रोसेसर, अत्यंत घट्ट रचलेले बोर्ड, प्रचंड उष्णता आणि असंख्य सांधे. एक सांधा निकामी झाला तरी सारे यंत्र अडून बसे. क्रे यांना नव्याने आराखडा करायचा होता, पण कंपनीकडे तेवढा पैसा उरला नव्हता आणि तिचे लक्ष दुसऱ्या प्रकल्पाकडे वळले होते. १९७२ मध्ये क्रे बाहेर पडले आणि मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी ‘क्रे रिसर्च’ ही कंपनी स्थापन केली. विशेष म्हणजे सुरुवातीच्या भांडवलाला हातभार लावणाऱ्यांत नॉरिस यांची कंपनीही होती. उद्योगजगतात असा निरोप क्वचितच दिला जातो.

नव्या कंपनीचा ‘क्रे-१’ १९७६ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेत दाखल झाला. इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचे हे यंत्र, त्याच्या पायाशी असलेली आणि पोटात वीजपुरवठा लपवणारी गोलाकार गादीची बैठक, हे चित्र पुढे महासंगणकाची ओळखच बनले. हा आकार शोभेसाठी नव्हता. आतल्या बाजूने जोडलेल्या तारा चार फुटांपेक्षा लांब होऊ नयेत, म्हणून ते वळण होते. ठोका साडेबारा नॅनोसेकंदांचा, वीज ११५ किलोवॉट, वजन साडेपाच टन. सर्किट बोर्डांच्या प्रत्येक जोडीमध्ये तांब्याचा जाड पत्रा बसवलेला असे. तो उष्णता ओढून कडेच्या ॲल्युमिनियमच्या उभ्या दांड्यांना देई आणि त्या दांड्यांच्या पोटातल्या पोलादी नळ्यांतून फ्रिऑन वाहत असे.

कागदावर ही योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात तिने पहिल्या यंत्राला तब्बल सहा महिने उशीर घडवला. फ्रिऑनमध्ये कॉम्प्रेसरसाठी वंगण मिसळलेले असते. नळ्यांच्या सांध्यांतून ते धुक्यासारखे झिरपे, हळूहळू बोर्डांवर त्याचा थर बसे आणि अखेर शॉर्टसर्किट होई. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचे सांधे पक्के करण्यासाठी वेल्डिंगचे नवे तंत्र शोधावे लागले. ज्या कंपनीचे एकही यंत्र अद्याप विकले गेलेले नाही, तिला सहा महिन्यांचा उशीर म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न होता. क्रे रिसर्च त्यातून तगली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राने १९७७ मध्ये सुमारे ८८ लाख डॉलर मोजून यंत्र विकत घेतले. आणि जेमतेम डझनभर यंत्रे खपतील असा अंदाज असताना ऐंशीहून अधिक खपली.

एखाद्याने येथे थांबून त्याच यंत्रात सुधारणा करीत राहिले असते. क्रे यांचा पिंड वेगळा होता. जुने यंत्र बाजूला सारून कोऱ्या कागदावर पेन्सिलने नव्याने आरंभ करायचा, ही त्यांची रीत होती. कंपनीच्या कारभारात त्यांना रस नव्हता. १९८० मध्ये मुख्याधिकारीपद जॉन रोलवॅगन यांच्याकडे सोपवून ते मोकळे झाले आणि पुढल्या वर्षी तर आपल्याच कंपनीचे स्वतंत्र कंत्राटदार बनले. घराखाली कुदळ-फावड्याने भुयार खणत असताना आपल्याला अडचणींची उत्तरे सुचतात, असे ते सांगत. या भुयाराच्या अनेक सुरस कथा पुढे पसरल्या. त्यातील किती खऱ्या आणि किती क्रे यांनी समोरच्याची फिरकी घेण्यासाठी रचलेल्या, हे ठरवण्याच्या भानगडीत न पडलेले बरे.

क्रे-२ साठी त्यांना चिप केवळ पसरून नव्हे, तर उंचीतही रचायच्या होत्या. एकावर एक आठ बोर्ड, त्यांना वरून खाली जोडणाऱ्या उभ्या तारा, आणि हे सारे चार इंच रुंद, आठ इंच लांब व एक इंच जाडीच्या ठोकळ्यात. अशा एका मॉड्यूलमध्ये सुमारे ७५० चिप मावत आणि ३०० ते ५०० वॉट उष्णता बाहेर पडे. इथे क्रे-१ ची युक्ती निरुपयोगी ठरली. बोर्डांच्या मध्ये तांब्याचा पत्रा सरकवायला जागा नव्हती आणि पत्रा घातलाच असता तर उभ्या तारांची वाट अडली असती. वारा इतक्या अरुंद फटींतून पुरेसा जाणे शक्य नव्हते. मॉड्यूलच्या आतपर्यंत पोचेल, प्रत्येक चिपला स्पर्श करील आणि तरीही विजेला वाट देणार नाही असे काहीतरी हवे होते.

ते मिळाले ‘थ्रीएम’ या कंपनीच्या ‘फ्लोरिनर्ट’ या द्रवात. हा द्रव म्हणजे फ्लोरिनने पूर्णपणे वेढलेल्या कार्बनच्या साखळ्या. त्यातून वीज वाहत नाही, तो पेट घेत नाही, धातू-प्लास्टिकला इजा करीत नाही. क्रे-२ मध्ये वापरलेला प्रकार पाण्याच्या सुमारे पावणेदोन पट जड होता आणि साधारण ९७ अंश सेल्सिअसला उकळत असे. याच कुळातील द्रवात १९६६ मध्ये अमेरिकी संशोधक लेलँड क्लार्क यांनी जिवंत उंदीर बुडवून ठेवले होते. द्रवात विरघळलेला प्राणवायू घेत ते उंदीर श्वास घेत राहिले होते. वैद्यकाला या द्रवात कृत्रिम रक्ताची शक्यता दिसली. क्रे यांना त्यात दिसले ते महासंगणकाचे रक्ताभिसरण.

हा द्रव काही जादूचा नव्हता. उष्णतावहनात तो पाण्याच्या सुमारे एक दशांश, म्हणजे तसा दुबळाच. साचून राहिला तर त्याचा फारसा उपयोग नाही. मात्र तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत तो दीड हजार पटींहून अधिक उष्णता पोटात साठवून नेऊ शकतो. म्हणून खरी गोम द्रवात बुडवण्यात नव्हती, तर द्रव वाहता ठेवण्यात होती, आणि क्रे यांच्या रचनेचे मर्म येथेच आहे. चौदा उभ्या स्तंभांत रचलेल्या मॉड्यूलमधून द्रव सेकंदाला अवघा एक इंच या गतीने आडवा जाई. गती कमी दिसते, पण त्याला मॉड्यूलमधली वाट जेमतेम काही इंचांची होती. तापलेला द्रव बाहेर येऊन उष्णताविनिमय यंत्रात जाई, तेथे थंड पाण्याच्या नळ्यांना आपली उष्णता देई आणि पुन्हा आत येई. पाणी आणि चिप यांची गाठ कधीच पडत नसे. द्रव उकळू न देता केवळ फिरवत ठेवायचा, ही एकावस्थी पद्धत क्रे-२ ने मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवली. दाट रचनेच्या द्रवनिमज्जित यंत्रणेचे अमेरिकी पेटंट १९८६ मध्ये क्रे यांच्या नावाने मंजूर झाले.

आकडे पाहिले की या कामगिरीची कल्पना येते. क्रे-२ ची उंची चार फूट, व्यास सुमारे साडेचार फूट. एवढ्याशा जागेत सुमारे दोन लाख चाळीस हजार चिप आणि १९५ किलोवॉट वीज. म्हणजे एका गोल कपाटात हजार वॉटच्या १९५ इस्त्र्या अहोरात्र चालू ठेवण्यासारखे. सर्वांत लांब तार १६ इंचांची, ठोका ४.१ नॅनोसेकंदांचा आणि कमाल वेग सेकंदाला जवळपास १९० कोटी आकडेमोडी. स्मृती पंचवीस कोटी साठ लाख शब्दांची होती. त्याआधीच्या कोणत्याही क्रे यंत्राला ती स्वप्नवत वाटावी. पहिले यंत्र १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे संलयन ऊर्जेच्या संशोधनासाठी गेले, तर ‘नासा’च्या एम्स केंद्रात ते विमान व अंतराळयानांभोवतीच्या वायुप्रवाहाची गणिते सोडवू लागले. शेजारी द्रवाच्या पारदर्शक टाक्या असत. त्यांतून खळाळणारा द्रव पाहून लोकांनी यंत्राला ‘बबल्स’, म्हणजे बुडबुडे, असे लाडके नाव दिले.

बुडालेल्या यंत्राचा सांभाळ सोपा नव्हता. एखादे मॉड्यूल बदलायचे म्हटले तरी आधी सारा द्रव उपसून टाक्यांत घ्यावा लागे. आठ बोर्डांच्या गठ्ठ्यातील मधल्या बोर्डावरची चिप बिघडली, तर तिथवर पोचणे हे तंत्रज्ञाच्या संयमाची परीक्षा पाहणारे काम होते. द्रव अतिशय महाग होता. शिवाय एखाद्या बिघडलेल्या भागात ठिणग्या उडाल्या, तर या निरुपद्रवी द्रवाचे विघटन होऊन विषारी वायू तयार होण्याची शक्यता असे. त्यावर नजर ठेवावी लागे. व्यापारी दृष्टीने पाहता क्रे-२ चा खप तीस यंत्रांपर्यंतही पोचला नाही. याच सुमारास कंपनीचे दुसरे अभियंता स्टीव्ह चेन यांनी क्रे-१ च्याच धर्तीवर बनवलेला ‘एक्स-एमपी’ कितीतरी अधिक खपत होता. मात्र १९८८ च्या ‘वाय-एमपी’मध्ये चेन यांच्या परंपरेनेही फ्लोरिनर्टचा आधार घेतला. त्यात बोर्ड बुडवले नव्हते. पोकळ थंड पत्र्यांतून द्रव खेळवला होता. दुरुस्तीची सोय आणि द्रवाची ताकद यांचा हा व्यवहारी मेळ होता. क्रे यांच्या स्वभावात असली तडजोड नव्हती.

एक्स-एमपीचा संबंध भारताशीही आला. ऐंशीच्या दशकात भारताला महासंगणक हवा होता, पण त्याचा उपयोग संरक्षण संशोधनासाठी होईल या शंकेने अमेरिका हात आखडता घेत होती. अखेर कडक अटींसह एक्स-एमपी मालिकेतील एक-प्रोसेसरी यंत्र हवामान अंदाजासाठी १९८९ मध्ये दिल्लीत कार्यान्वित झाले. दरम्यान १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. गंमत अशी, की परमने धरलेली वाट क्रे यांना अजिबात न पटणारी होती. थोडे पण अतिशय बलवान प्रोसेसर हे क्रे यांचे तत्त्व. परमने मात्र अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपले. लहान प्रोसेसर कमी तापतात, सुटे-सुटे ठेवता येतात, साध्या वाऱ्यावरही थंड राहतात. जगाचा कलही हळूहळू तिकडेच झुकू लागला होता.

क्रे यांना हे दिसत नव्हते असे नाही. पण त्यांनी आपली दिशा बदलली नाही, उलट अधिक रेटली. क्रे-३ साठी त्यांनी सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइड या पदार्थाच्या चिप निवडल्या. ठोका दोन नॅनोसेकंदांवर आणायचा होता. मॉड्यूल चार इंच चौरस आणि जाडी केवळ पाव इंच. ते जोडण्याचे काम माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेर गेल्याने यंत्रमानव तयार करावे लागले. थंड करण्याची पद्धत मात्र तीच, द्रवात बुडवण्याची; आणि या साऱ्या खटाटोपात कमीत कमी त्रास त्या भागानेच दिला असेल. प्रकल्प १९८८ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला हलवण्यात आला. खर्च फुगत गेला. चिप्पेवा फॉल्समध्ये दुसरा चमू ‘सी-९०’ तयार करीत होता आणि कंपनीला दोन्ही पोसणे झेपेना. १९८९ मध्ये वाटणी झाली. क्रे यांना आपले यंत्र घेऊन ‘क्रे कॉम्प्युटर कॉर्पोरेशन’ या नव्या नावाने वेगळे व्हावे लागले. ज्या कंपनीला त्यांनी जन्म दिला होता, ती आता त्यांची प्रतिस्पर्धी झाली.

डिसेंबर १९९१ मध्ये पहिला घाव बसला. क्रे-३ ला उशीर होत असल्याने लिव्हरमोरने आपली मागणी रद्द केली आणि सी-९० ला पसंती दिली. क्रे-३ चे एकमेव यंत्र मे १९९३ मध्ये बोल्डर येथील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात चाचणीसाठी बसले. ते चालले, चांगले चालले, पण ग्राहक आले नाहीत. शीतयुद्ध संपले होते, अण्वस्त्र प्रयोगशाळांच्या थैल्या आखडल्या होत्या आणि स्वस्त मायक्रोप्रोसेसर दरवर्षी वेग वाढवीत होते. एका नॅनोसेकंदाच्या ठोक्याचा क्रे-४ जवळपास तयार असतानाच, मार्च १९९५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हे अपयश बुडवून थंड करण्याच्या कल्पनेचे नव्हते. ज्या यंत्रांना त्या कल्पनेची निकड होती, त्या यंत्रांची बाजारपेठच आटली होती.

सत्तरीच्या उंबरठ्यावर दिवाळे निघालेला माणूस निवृत्त झाला असता तर कोणाला नवल वाटले नसते. क्रे यांनी ऑगस्ट १९९६ मध्ये ‘एसआरसी कॉम्प्युटर्स’ ही आणखी एक कंपनी काढली. अनेक मायक्रोप्रोसेसर एकत्र जोडण्याचा, म्हणजे आयुष्यभर ज्या वाटेला नकार दिला तिच्याकडे वळण्याचा विचार तेथे सुरू झाला होता. त्याला फार अवधी मिळाला नाही. २२ सप्टेंबर १९९६ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील महामार्गावर त्यांच्या जीपला भीषण अपघात झाला. रुग्णालयातच त्यांचा ७१ वा वाढदिवस आला आणि गेला. ५ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे द्रवात बुडवलेले संगणक संग्रहालयांतच पाहावे लागत. कमी वीज खाणाऱ्या चिपमुळे पंखे पुन्हा पुरेसे झाले होते. पण चिपची भूक वाढतच गेली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या प्रोसेसरनी तर एकेकटेच शेकडो वॉट ओढायला सुरुवात केली. क्रे-२ च्या अख्ख्या मॉड्यूलची उष्णता आता एकाच चिपमधून बाहेर पडते. साहजिकच डेटा सेंटरमध्ये खनिज वा कृत्रिम तेलांनी भरलेली कुंडे दिसू लागली. त्यांत सर्व्हर उभे सोडतात, म्हणजे एक बाहेर काढण्यासाठी सारा द्रव उपसावा लागत नाही. क्रे-२ च्या तंत्रज्ञांना छळणाऱ्या अडचणीवरचा हा साधा पण नेमका उपाय म्हणावा लागेल.

फ्लोरिनर्टची मात्र पीछेहाट झाली. जो गुण क्रे यांना मोलाचा वाटला, म्हणजे कशाशीही संयोग न पावणे, तोच निसर्गात दोष ठरला. या कुळातील संयुगे वातावरणात हजारो वर्षे टिकतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक हजार पट उष्णता अडवतात. १९९७ च्या क्योटो करारात त्यांचा समावेश झाला. डिसेंबर २०२२ मध्ये थ्रीएमने फ्लोरिनयुक्त अशा सर्व रसायनांचे उत्पादन २०२५ अखेरपर्यंत थांबवण्याचे जाहीर केले. एका यंत्राची उष्णता काढणारा द्रव पृथ्वीची उष्णता वाढवू शकतो, हे १९८५ मध्ये फार कोणाच्या ध्यानी आलेले नव्हते. त्यामुळे वीज न वाहणारा, न पेटणारा, स्वस्त आणि तरीही निसर्गात विरून जाणारा द्रव शोधण्याचे काम आता रसायनतज्ज्ञांपुढे आहे. तेले स्वस्त आहेत पण चिकट आहेत आणि पेटू शकतात.

अनेकांनी दुसरी, बंदिस्त पाण्याची वाट धरली आहे. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये २०१९ मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’मध्ये थेट संपर्काने उष्णता काढणारी पाण्याची यंत्रणा आहे. लिव्हरमोरच्या ‘एल कॅपिटन’ने नोव्हेंबर २०२४ मध्ये जगातील सर्वांत वेगवान महासंगणक म्हणून पहिले स्थान मिळवले. तोही चिपला भिडवलेल्या थंड पत्र्यांतून फिरणाऱ्या पाण्यावरच चालतो. त्याची निर्मिती ‘हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ’ने केली. क्रे हे नाव धारण करणारी कंपनी अनेक हात बदलून २०१९ मध्ये याच उद्योगाने विकत घेतली आहे.